क्लॅरिनेटचा गोतावळा: न्यूर्नबर्ग ते ब्रुसेल्स

न्यूर्नबर्गच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडून जुन्या तटबंदीच्या आत शिरलं की दहा-एक मिनिटांत कार्टॉयझरगासे नावाची गल्ली लागते. गल्लीत पांढरे उंच खांब एका रांगेत उभे आहेत आणि त्यांच्यावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली कलमं वेगवेगळ्या भाषांत कोरलेली आहेत. दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकाराचं हे काम १९९३ सालचं. ज्या शहराचं नाव काढलं की आधी नाझींचे मेळावे आणि मग त्यांच्यावरचा तो खटला आठवतो, त्या शहराने हे खांब भर वस्तीत उभारले, याचं मोल मला फार वाटलं. याच गल्लीत जर्मन राष्ट्रीय संग्रहालय आहे. जुन्या मठाच्या ओवऱ्या तशाच ठेवून त्यांच्याभोवती ही भली मोठी इमारत वाढत गेली. ड्यूररची चित्रं, जुने पृथ्वीगोल, चिलखतं असं पुष्कळ काही आत आहे. आम्ही गेलो होतो ते मात्र लाकडाच्या एका नळीसाठी.

आम्ही म्हणजे मी आणि माझे मामा. मामांनी उमेदीची सगळी वर्षं पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. ते ‘क्लॅरोनेट’ म्हणतात. त्यांच्या पिढीतल्या बँडवाल्यांच्या तोंडी हाच उच्चार आहे. हिंदी सिनेमातली गाणी क्लॅरिनेटवर वाजवणाऱ्या मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्या ऐकून ते या वाद्याच्या नादी लागले. निवृत्तीनंतर त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली: हे वाद्य जिथे जन्मलं ते गाव पाहायचं आणि त्याची सगळी भावंडं एकदा कानांनी ऐकायची. बँडमध्ये त्यांच्या वाट्याला आलं होतं एकच, काळी पाचचं.

पट्टीची ही भाषा पुढे सतत लागणार आहे, म्हणून इथेच सांगते. क्लॅरिनेटवादक कागदावर पांढरी एकचा स्वर वाचून बोटं ठेवतो, तेव्हा प्रत्यक्षात जो स्वर वाजतो ती त्या वाद्याची पट्टी. सर्वांत जास्त चालणाऱ्या क्लॅरिनेटमधून त्या वेळी काळी पाच निघते. त्याच्याहून अर्धा स्वर खालचं वाद्य पांढरी सहाचं. चिटुकलं, कर्णभेदी क्लॅरिनेट काळी दोनचं. बोटं सगळ्यांवर तीच. बदलते ती नळीची लांबी, आणि तिच्याबरोबर आवाजाचा स्वभाव. एक वाद्य शिकलं की अख्खं कुटुंब हाताखाली येतं, निदान बोटांपुरतं तरी.

संग्रहालयातली नळी याकोप डेनर या कारागिराची आहे. बॉक्सवूड नावाचं पिवळसर, घट्ट लाकूड, पितळेच्या अवघ्या दोन चाव्या, आणि बाकी सगळा कारभार उघड्या भोकांवर. याकोपचे वडील योहान क्रिस्टोफ डेनर हे क्लॅरिनेटचे जनक मानले जातात. त्यांचा जन्म १६५५ चा, मृत्यू १७०७ चा. घराण्याचा मूळ धंदा शिकाऱ्यांसाठी पशुपक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या शिट्ट्या आणि शिंगं कातण्याचा. १६९६ मध्ये डेनर आणि योहान शेल या दोघांनी नगरपरिषदेकडे अर्ज केला, की फ्रान्समध्ये निघालेली नव्या धर्तीची सुषिर वाद्यं बनवण्याची आणि विकण्याची परवानगी आम्हांला द्यावी. तिथून पुढे काही वर्षांत क्लॅरिनेट आलं. डेनरच्या मृत्यूनंतर १७३० मध्ये डॉपेलमायर या लेखकाने न्यूर्नबर्गच्या कारागिरांवर ग्रंथ लिहिला आणि क्लॅरिनेटच्या शोधाचं श्रेय डेनरला दिलं. लेखी नोंद त्याहून जुनी आहे: १७१० मध्ये याकोप डेनरकडे ग्रॉन्सफेल्डच्या ड्यूकसाठी दोन क्लॅरिनेटची मागणी आली होती.

डेनरने नेमकं केलं काय, हे मामांनी काचेसमोर उभं राहून मला समजावलं. त्याआधी शालुमो नावाचं वाद्य होतं. त्यालाही एकेरी रीड होती, पण सप्तक-सव्वासप्तकात त्याचा जीव संपायचा. डेनरने नळीच्या वरच्या टोकाजवळ एक बारीक भोक पाडलं आणि त्यावर डाव्या अंगठ्याने उघडायची चावी बसवली. ती चावी उघडली की तीच बोटं वरच्या स्वरांत बोलू लागतात.

“अगं, बासरीत जोरात फुंकलं की षड्जाचा तार षड्ज होतो ना? इथे तसं नाही,” मामा म्हणाले. “इथे तार षड्ज गाळून वाद्य थेट तार पंचमावर जातं. म्हणून तर शिकताना पहिल्या वर्षात पोरं रडकुंडीला येतात.”

क्लॅरिनेटचं सगळं भाग्य आणि सगळं दुर्भाग्य या एका गोष्टीत आहे. त्याची नळी सरळ, सारख्या व्यासाची. रीडच्या बाजूने ती बंद असल्यासारखी वागते. अशा नळीत सम संख्येचे उपस्वर दबतात आणि विषम संख्येचे उठून दिसतात. पहिल्यानंतर येतो तिसरा, म्हणजे सप्तक ओलांडून पंचम. खालच्या सप्तकातला तो पोकळ, दाट, किंचित अंधारा आवाज याच कारणाने येतो, आणि एवढ्याशा नळीतून इतका खर्ज निघतो तोही याचमुळे. बदल्यात बोटांना एका सप्तकाऐवजी दीड सप्तकाहून जास्त पल्ला भरावा लागतो. नऊ बोटांना ते झेपत नाही, म्हणून चाव्या आल्या. चाव्या थोड्या होत्या तोवर अवघड पट्ट्यांत वाजवणं जिकिरीचं होतं, म्हणून निरनिराळ्या पट्ट्यांची वाद्यं आली. कुटुंब वाढायला सुरुवात झाली ती अशी.

डेनरच्या काळी रीड वरच्या ओठाला लावून वाजवण्याची पद्धतही होती, आणि क्लॅरिनेट मुख्यतः पांढरी एक आणि पांढरी दोनची असत. आवाज तुतारीच्या वळणाचा, उंच आणि धारदार. मोल्टर या संगीतकाराने पांढरी दोनच्या क्लॅरिनेटसाठी सहा कॉन्चेर्टो लिहिले आहेत. त्यांत खालच्या सप्तकाकडे तो फारसा वळतच नाही. वाद्याचं खरं धन खाली आहे, हे कळायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

त्या दोन पिढ्यांचा रस्ता न्यूर्नबर्गहून व्हिएन्नाला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. मध्ये पासाउ लागतं. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या इथे एकत्र येतात, आणि संगमाच्या टोकाला उभं राहिलं की तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात. पर्यटक येतात ते संगम पाहायला आणि कॅथीड्रलमधला सतरा हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन ऐकायला. आम्ही उतरलो ते आंटोन आणि मिखाएल मायरहोफर या दोन कारागिरांचं गाव म्हणून. १७७० च्या आगेमागे त्यांनी इथे बॅसेट हॉर्न बनवलं: पांढरी चारच्या पट्टीतलं, नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा लांब आणि खोल आवाजाचं.

नावात हॉर्न असलं तरी हे वाद्य अस्सल क्लॅरिनेटच. त्याची अडचण लांबीची होती. हात पोहोचायचे नाहीत, म्हणून मायरहोफर बंधूंनी नळी कोयत्यासारखी वाकवली. पुढच्या कारागिरांनी नळी मधोमध कोनात मोडली आणि खालच्या टोकाला लाकडाची एक चपटी पेटी जोडली. त्या पेटीच्या आत वाट तीनदा उलटसुलट फिरते आणि मगच धातूच्या कर्ण्यातून बाहेर पडते. व्हिएन्नाच्या नोय बुर्ग राजवाड्यातल्या जुन्या वाद्यांच्या दालनात अशी वाद्यं पाहता येतात. पेटीचे सांधे मी वाकून वाकून शोधले. इतकं नेटकं सुतारकाम, आणि तेही कुणाला दिसणार नाही अशा जागी!

बॅसेट हॉर्नचा आवाज कसा आहे ते शब्दांत सांगणं कठीण. काळी पाचच्या क्लॅरिनेटमध्ये जी चमक असते ती इथे नाही. नळी लांब पण तुलनेने अरुंद, त्यामुळे आवाज मऊ, थोडा दूरचा, अंगावर न येणारा. मोत्झार्टने तो शोकासाठी आणि प्रार्थनेसाठीही वापरला. त्याच्या ‘रेक्वियम’मध्ये बासरी नाही, ओबो नाही, साधं क्लॅरिनेटही नाही, लाकडी वाद्यांत आहेत फक्त दोन बॅसेट हॉर्न आणि दोन बसून. सुरुवातीचे ते स्वर आठवून पाहा. माझ्या मते मृत्यूवरच्या त्या संगीताचा रंग गाणाऱ्यांनी तोंड उघडण्याआधीच या वाद्यांनी ठरवलेला असतो. त्या रचनेचं हस्तलिखित व्हिएन्नाच्याच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे.

व्हिएन्नामध्ये मोत्झार्टचं घर म्हणून दाखवतात ते डोमगासे ५. सेंट स्टीफनच्या कॅथीड्रलमागच्या अरुंद गल्लीत, १७८४ ते १७८७ या काळात तो इथे राहिला. ‘फिगारो’ इथे लिहिला गेला म्हणून लोक येतात. पण क्लॅरिनेटच्या भक्तांनी यायचं ते १७८६ च्या त्रिवाद्य रचनेसाठी. क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो यांची ही रचना याच मुक्कामातली. तीत क्लॅरिनेट होतं आंटोन श्टाड्लरचं.

श्टाड्लरने क्लॅरिनेटच्या इतिहासाला जे वळण दिलं ते दुसऱ्या कुठल्याही वादकाने दिलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. त्याच्या काळी वादक वरच्या स्वरांत मिरवत असत. श्टाड्लर उलट्या दिशेने गेला. त्याला खालचे स्वर खुणावत होते आणि क्लॅरिनेटचा तळ त्याला पुरत नव्हता. दरबारी वाद्यकार थेओडोर लोत्झकडून त्याने तळाशी वाढवलेलं क्लॅरिनेट करून घेतलं. पुढे ते नेहमीपेक्षा चार अर्धस्वर खाली जाऊ लागलं. आज आपण त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतो. चार अर्धस्वर म्हणजे जेमतेम षड्ज ते गंधार एवढं अंतर. पण ते तळाला मिळाल्यामुळे वाद्याला पायाचा षड्ज मिळाला. तान वरून सुटून थेट त्या षड्जावर येऊन टेकू शकते. मोत्झार्टने हे नेमकं ओळखलं. १७८९ मधलं पंचवाद्य आणि १७९१ च्या ऑक्टोबरमधला कॉन्चेर्टो, दोन्ही श्टाड्लरच्या या वाद्यासाठी, पांढरी सहाच्या पट्टीत.

कॉन्चेर्टो ज्या घरात पुरा झाला ते राउहेनश्टाइनगासेमधलं घर आता नाही. त्या जागी श्टेफ्ल नावाचं मोठं दुकान आहे आणि मागच्या बाजूला स्मृतिफलक. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा खरेदीच्या पिशव्या सावरत माणसं येत-जात होती. ऑक्टोबर १७९१ मधल्या एका पत्रात मोत्झार्टने बायकोला कळवलं आहे, की काळी कॉफी मागवली, झकास चिलीम ओढली आणि श्टाड्लरच्या रोन्दोचं, म्हणजे कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागाचं, जवळजवळ सगळं वाद्यवृंदलेखन उरकलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ डिसेंबरला, तो याच घरात वारला. श्टाड्लर त्याचं पाचशे गुल्डनचं देणं लागत होता, अशी नोंद मोत्झार्टच्या मालमत्तेच्या यादीत आहे.

त्या कॉन्चेर्टोचं हस्तलिखित हरवलं. मोत्झार्टच्या पत्नीने १८०० मध्ये एका प्रकाशकाला लिहिलं, की पेटी चोरीला गेली असं श्टाड्लर सांगतो, पण ती गहाण पडली असं इतर लोक म्हणतात. मागे उरला तो सुरुवातीच्या भागाचा आधीचा कच्चा खर्डा, तोही बॅसेट हॉर्नसाठीचा. तो स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरला आहे. १८०१ मध्ये कॉन्चेर्टो छापला गेला तेव्हा साध्या क्लॅरिनेटच्या आवाक्याबाहेरचे खालचे स्वर वर उचलून बसवलेले होते. पुढची दीडशे वर्षं जग तीच दुरुस्त आवृत्ती ऐकत आलं. श्टाड्लरचं वाद्य कसं दिसत होतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. १९९२ मध्ये पामेला पोलिन या संशोधिकेला १७९४ सालच्या रिगामधल्या त्याच्या कार्यक्रमांची पत्रकं सापडली. त्यांवर वाद्याचं चित्र होतं. सरळ नळी आणि तळाशी वळून वादकाकडे आलेलं, बोंडासारखं गोल तोंड. त्या चित्रावरून आज वाद्यकार नवी बॅसेट क्लॅरिनेट घडवतात.

मामांना मी दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग एक ऐकवल्या, हॉटेलच्या खोलीत, इयरफोन लावून. दुसरी संपल्यावर ते म्हणाले, “पहिल्यात तान मधेच उडी मारून वर जाते बघ. घरी निघालेला माणूस दारातून परत फिरावा तसं. दुसऱ्यात ती घरी पोचते.” यावर मला काही भर घालता आली नाही.

व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याची तिकिटं असतात, खुर्चीच्या दराच्या मानाने खूपच स्वस्त. आम्ही गेलो तेव्हा जागा धरायची म्हणजे समोरच्या कठड्याला रुमाल बांधायचा, आणि बांधलेल्या रुमालाचा मान सगळे राखत होते. रिशार्ड श्ट्राउसची ‘एलेक्ट्रा’ होती. १९०९ मध्ये ड्रेस्डेनला पहिल्यांदा झालेली ही ऑपेरा मध्यंतराशिवाय पावणेदोन तासांच्या आसपास चालते. मी तिच्यासाठी हट्ट धरला होता, कारण तिच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटच्या घराण्यातले आठ वादक बसतात: काळी दोनचं एक, काळी पाच आणि पांढरी सहाची मिळून चार, बॅसेट हॉर्न दोन आणि बास क्लॅरिनेट एक. गॅलरीतून खाली वाद्यवृंद दिसत होता.

तिथे मामांनी मला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, वादक काळी पाचचं वाद्य ठेवून पांढरी सहाचं उचलतो, तेव्हा माउथपीस एकातून काढून दुसऱ्याला लावतो, रीडसकट. ओठाखाली ओली, तापलेली, जमलेली रीड त्याला सोडवत नाही. दुसरी गोष्ट रीड बांधण्याची. आपल्याकडे धातूचा स्क्रूवाला पट्टा असतो; जर्मन आणि ऑस्ट्रियन वादक रीडवर काळा दोरा वेढे घालत घट्ट गुंडाळतात. या देशांत चाव्यांची रचनाही वेगळी आहे. बर्लिनच्या ओस्कर ओएलरने बसवलेली ती पद्धत, आणि व्हिएन्नाची तिच्याच जवळची. बाकी बहुतेक जगाने फ्रेंच पद्धत उचलली.

एलेक्ट्रा एकटी उभी राहून बापाचं नाव घेते, तेव्हा खालून ही वाद्यं सरकत वर येतात. काळी दोनचं क्लॅरिनेट त्यांच्यावर ओरखडा काढतं. हे छोटं वाद्य एकटंच ऐकलं तर कर्कश वाटेल. पण बेर्लिओझने १८३० मध्ये ‘सिंफनी फान्तास्तिक’च्या शेवटच्या भागात नायिकेची धून याच वाद्याकडे दिली आणि ती प्रेयसी चेटकीण होऊन नाचू लागली. राव्हेलच्या ‘बोलेरो’त हेच वाद्य अगदी लाघवी बोलतं. म्हणजे दोष वाद्यात नाही. त्याच्याहूनही लहान भावंडं आहेत: काळी चारचं, फुटाच्या आसपास लांबीचं, मुख्यतः लष्करी आणि इटालियन बँडांतलं. आणि व्हिएन्नाच्या द्राक्षमळ्यांतल्या मद्यगृहांत वाजणारं पांढरी पाचचं. १८८४ पासून श्रामेल बंधूंच्या चौकडीत गेओर्ग डेन्त्सर ते वाजवत असे. त्याच्यानंतर ती जागा अकॉर्डियनने घेतली.

फ्रान्समधून आम्ही घाईनेच गेलो, तरी त्याचं ऋण मोठं. १८३९ च्या सुमारास क्लोझे हा वादक आणि बुफे हा वाद्यकार यांनी बोएम याने बासरीवर बसवलेल्या कड्या क्लॅरिनेटवर आणल्या. १८४४ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि आज आपल्या बँडपासून अमेरिकेच्या जॅझपर्यंत मुख्यतः तीच रचना चालते. पॅरिसच्या पश्चिमेला मांत-ला-व्हिल इथे १८५० पासून क्लॅरिनेटचे कारखाने आहेत. रीडचा वेत येतो दक्षिणेतल्या व्हार भागातून, आणि लाकूड येतं टांझानिया आणि मोझांबिकमधून. तिथे त्या झाडाला म्पिंगो म्हणतात. शिसवीच्या जातीचं हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. झाड वाढायला अनेक दशकं लागतात, आणि चांगलं, सरळ, गाठ नसलेलं लाकूड आता सहज मिळत नाही. आपण ऐकतो त्या सुरामागे आफ्रिकेतलं एक तोडलेलं झाड असतं. वाद्य विकत घेणाऱ्याने ते सांभाळून वापरावं, दुरुस्त करून वापरावं, एवढं तरी त्या झाडाचं देणं आहे.

ब्रुसेल्सचं वाद्यसंग्रहालय ‘ओल्ड इंग्लंड’ नावाच्या इमारतीत आहे. १८९९ मधलं हे मूळचं दुकान. लोखंड आणि काचेचा तो दर्शनी भाग पाहूनच माणूस रस्त्यात थबकतो. दारात हेडफोन दिले. काचेच्या कपाटाजवळ गेलं की त्या वाद्याचा आवाज कानात यायचा. मामा एका कपाटापासून दुसऱ्याकडे जात होते आणि मला हाका मारत होते, “ऐक, ऐक, हे ऐक!”

बास क्लॅरिनेटचं गाव खरं हेच. खर्जातलं क्लॅरिनेट करण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते; ड्रेस्डेनच्या हाइनरिश ग्रेन्सरचं १७९३ मधलं वाद्य प्रसिद्ध आहे. २९ फेब्रुवारी १८३६ रोजी पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या ‘ह्यूगनो’चा पहिला प्रयोग झाला, त्यात मरणाच्या दारातल्या लग्नविधीला बास क्लॅरिनेटची एकट्याची साथ होती. पण वाद्याला शिस्त लावली ब्रुसेल्समधल्या तरुण अदोल्फ साक्सने. दिनांत इथे १८१४ मध्ये जन्मलेल्या या वाद्यकाराने १८३८ मध्ये बास क्लॅरिनेटचं पेटंट घेतलं. आधीचे कारागीर बोटं पोहोचतील तिथे भोकं पाडत. साक्सने ध्वनिशास्त्र सांगेल तिथे, सांगेल तेवढी मोठी भोकं पाडली आणि बोटं तिथवर पोहोचवण्याचं काम चाव्यांवर सोपवलं. आज वाजतं ते बास क्लॅरिनेट मूलतः याच विचारावर उभं आहे. सॅक्सोफोनचं पेटंट नंतरचं, १८४६ चं. दिनांतमध्ये पुलावर रंगीत सॅक्सोफोन मांडले आहेत आणि गाव मोठं देखणं आहे. तरी साक्सचं पहिलं मोठं काम म्हणजे हे खर्जातलं क्लॅरिनेट, याची आठवण तिथेही थोडी जास्त ठेवायला हवी.

बास क्लॅरिनेट काळी पाचच्या नेहमीच्या वाद्याहून बरोबर एक सप्तक खाली. चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मध्ये साखरपरीच्या नाचात चेलेस्टाच्या चांदण्या स्वरांखालून उतरत जाणारा तो गुळगुळीत आवाज याचाच. त्याच्याही खाली कॉन्ट्राबास क्लॅरिनेट, नळी उलगडली तर नऊ फुटांच्या आसपास. दोन्हींच्या मध्ये काळी दोनच्या पट्टीतलं कॉन्ट्रा-आल्टो, आणि बास क्लॅरिनेटच्या वर आल्टो. आल्टो बिचारं बँडमध्ये स्वरांची भर घालत राहिलं. त्याच्यासाठी कुणी श्टाड्लर उभा राहिला नाही, म्हणून कुणी मोत्झार्टही आला नाही.

या संग्रहालयाचा पाया घालण्यात आपल्या देशाचा वाटा आहे, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळलं. १८७६ मध्ये कलकत्त्याच्या राजा सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना शंभरेक भारतीय वाद्यं भेट दिली. पुढच्या वर्षी संग्रहालय स्थापन झालं आणि व्हिक्टर माहिल्याँ हे पहिले संग्रहपाल झाले. स्वतः वाद्यकाराच्या घराण्यातला हा माणूस. जगभरच्या वाद्यांची वर्गवारी करायची तर पाश्चात्त्य पद्धत अपुरी पडत होती. त्यांनी जी चार खाती केली त्यांच्यामागे भरताच्या नाट्यशास्त्रातली तत, अवनद्ध, घन आणि सुषिर ही विभागणी आहे. त्याच पायावर १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि साक्स यांनी (हा साक्स वेगळा, बर्लिनचा कुर्ट) जगभर वापरली जाणारी पद्धत रचली.

तिच्यात क्लॅरिनेट बसतं एकेरी रीडच्या सुषिर वाद्यांत. आपल्याला वाटतं की क्लॅरिनेट म्हणजे विलायती सनई. पण सनईची पत्ती दुहेरी आणि नळी खाली रुंद होत जाणारी. ती ओबोच्या कुळातली. एकेरी पत्तीची वाद्यं आपल्याकडे आहेत ती वेगळी. गारुड्याची पुंगी त्यातली एक. आणि दुसरा, पालघर-जव्हारच्या वारली पाड्यांवरचा तारपा: वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत एकेरी पत्त्या, आणि टोकाला ताडपत्रांचा कर्णा. वारली चित्रांत माणसांचं वेटोळं ज्याच्याभोवती नाचतं तो हाच. डेनरच्या नळीचा खरा सोयरा मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आहे आणि तो आजही नव्या भातानंतर वाजतो.

मामांना हे इतकं भावलं की बाकीचं संग्रहालय त्यांनी तारपा डोक्यात ठेवूनच पाहिलं. “दक्षिणेत नटराजन यांनी कर्नाटक संगीत क्लॅरोनेटवर रुजवलं, पद्मश्री मिळाली त्यांना. आपल्याकडे हे वाद्य वरातीपुढेच राहिलं. वाजवणारे कमी नव्हते, ऐकणारे कमी पडले,” ते म्हणाले. मला ते पटलं. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि ढोलाच्या दणक्यात क्लॅरिनेटवाल्याला सतत वरच्या सप्तकात ओरडावं लागतं. या वाद्याचं सोनं ज्या खालच्या सप्तकात आहे ते रस्त्यावर कुणाला ऐकूच जात नाही.

तेव्हा वाचकांना दोन गोष्टी सांगते. मोत्झार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो ऐकणार असाल तर बॅसेट क्लॅरिनेटवर वाजवलेलं ध्वनिमुद्रण शोधून ऐका. आणि ओळखीतला एखादा बँडवाला क्लॅरिनेट वाजवत असेल तर त्याला घरी बोलवा, दार लावून घ्या आणि खालच्या सप्तकात एखादं सावकाश गाणं वाजवायला सांगा. प्रवासाला निघणार असाल तर लक्षात ठेवा, न्यूर्नबर्ग आणि ब्रुसेल्सची संग्रहालयं सोमवारी बंद असतात.